थंड गाडीचं स्टेअरिंग

हणमंता, तुझी पिकअप अजून रोपवाटिकेच्या फाटकाशीच उभी आहे. तोंड रस्त्याकडे, पुढची चाकं जराशी डावीकडे वळलेली, तू सोडलीस तशीच. हौद्यातले उसाच्या रोपांचे ट्रे तेवढे बायकांनी उतरवून परत शेडमध्ये नेले. बाकी तिला कुणी हात लावलेला नाही. तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. दहाव्याला माणसांबरोबर आलो तेवढाच, त्यानंतर मी दोनदा कळसचं गॅरेज बंद करून तुझ्या घराकडे निघालो आणि दोन्ही वेळा कालव्याच्या पुलावरून मागे फिरलो. तीन किलोमीटरचा रस्ता, डोळे झाकून यायचो मी.

परवा, रविवारी, बावड्याचा एक माणूस गाडी बघायला येणार आहे. वहिनींनी ती विकायची ठरवली. मला फोनवर एवढंच म्हणाल्या की गाडी दारात नको वाटते, गिऱ्हाइकाला तुमीच जरा समजावून सांगा. मी बरं म्हणालो. म्हणजे माझ्या हातात उद्याची एक सकाळ राहिली. तुझ्या गाडीचं मला एक बघायचं आहे, आणि ते गाडी रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर पहाटेच बघता येतं. एकदा गाडी गेली की ते कायमचं राहून जाईल. बघायला हवं हे मला कळतं आणि बघायची भीती वाटते, म्हणून रिकाम्या गॅरेजात बसून तुला लिहितो आहे. बाहेर दोन गाड्या लागल्यात. त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

डिसेंबर नुकता लागला होता तेव्हा तू आलास. फाट्यावरच्या टपरीवर चहा सांगितलास आणि म्हणालास, मिस्त्री, ही सकाळी सकाळी रुसती. मला वाटलं वहिनींचं सांगतोयस. तू पिकअपचं सांगत होतास. सहा वाजता रोपं भरून निघालास की सुरुवातीला बराच वेळ स्टेअरिंग टाईट जातं, इंदापूर जवळ आलं की आपोआप बरं होतं. उन्हं वर यायच्या आत रोपं शेतावर पोचवायची, ही तुझी जुनी सवय. तुझ्याकडून रोपं घेणारे शेतकरी तुझ्या गाडीवर घड्याळ लावायचे, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

खरं सांगू, मला आनंद झाला होता. थंडीत येणारी आणि गाडी तापली की पळून जाणारी खोट मला आवडते. तिचा माग काढायला मजा येते. आधी चाकातली हवा बघितली, पुढच्या दोन्ही चाकांत कमी होती, भरली. मग बेल्ट बघितला. त्याला बारीक चिरा पडल्या होत्या. असा बेल्ट थंडीत कडक होतो आणि पुलीवरून घसरतो, म्हणून बदलला. मग स्टेअरिंगच्या ऑईलची टाकी उघडली आणि बोट बुडवून बघितलं. तिथं लाल, पातळ ऑईल असायला हवं. माझ्या बोटाला लागलं ते काकवीसारखं तपकिरी आणि चिकट. वास घेतला आणि मला हसूच फुटलं. ते ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं ऑईल होतं.

आपल्या भागात हे असंच. घराघरात ट्रॅक्टर, प्रत्येक ट्रॅक्टरमागं एक ऑईलचा कॅन, आणि ज्या कशाला ऑईल लागेल त्याला त्याच कॅनमधून. कडबाकुट्टीला तेच, विहिरीच्या चाकाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. उन्हाळ्यात ते खपूनही जातं. थंडी पडली की ते जाड ऑईल पॉवर स्टेअरिंगच्या एवढ्याशा पंपाला ओढवत नाही, आणि गाडी तापून ते पातळ होईपर्यंत सगळा भार चालवणाऱ्याच्या हातावर येतो. मी टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की हे शहाणपण कुणाचं. तू मान खाली घालून म्हणालास, "मीच वतलं. त्यातबी पंप हाय, ह्यातबी पंपच हाय की." त्यावर आठवडाभर मी तुझी टर उडवली. तू कधी नव्हे ते सगळं ऐकून घेतलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू कुणाचं तरी झाकतो आहेस. तुझी चूक असती तर तू माझ्याशी तासभर भांडला असतास.

भांडणाशिवाय आपलं काही झालंय का? माझं गॅरेज निघालं तेव्हा पहिली गाडी तुझी लागली, तो जुना टेम्पो, आणि पहिलं भांडणही त्याच दिवशी झालं. तू नारळ घेऊन आला होतास. मी म्हणालो, नारळ फोडून कुठं ग्रीस लागत नाही. तू म्हणालास, ग्रीस लावून कुठं माणसाला धीर येत नाही. मग तू नारळ फोडलास, मी ग्रीस भरलं, आणि खोबरं दोघांनी खाल्लं. पुढं दर चतुर्थीला मोरगावला जाताना तू मला बळंच शेजारी बसवायचास. तू दर्शनाला आत जायचास, मी एसटीच्या थांब्यावर चहा पीत बसायचो, आणि परतीच्या वाटेवर आपण नारळ आणि ग्रीस या विषयावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. माझ्या आईवडिलांनी बुद्ध विहारात वाढवलेल्या माझ्यासारख्याला तू इतक्यांदा मोरगावला नेलंस की तिथला चहावाला मला नावानं हाक मारायला लागला.

आणि सगळ्यात मोठं तुझं देणं मी कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या थोरलीच्या वेळी हिला पहाटे कळा सुरू झाल्या, तेव्हा तू तोच टेम्पो काढलास. त्याला कुठलं आलंय पॉवर स्टेअरिंग. बारामतीच्या दवाखान्याच्या बोळात ट्रक आडवा लागला होता. तू तो अवजड टेम्पो उभ्या जागी एका हातानं वळवलास आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून लोकांना बाजूला हटवत राहिलास. मी मागं हिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला तुझा उजवा दंड दिसत होता. त्या दंडावर मी त्या दिवशी माझं सगळं घर सोपवलं होतं. हे सगळं मला ठाऊक असताना मी पुढं जे बोललो ते बोललो, याचंच मला कोडं पडतं.

तर ते ट्रॅक्टरचं ऑईल मी सगळं काढलं. दोनदा नवं ऑईल भरून, फिरवून, सोडून दिलं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली. टाकीत बुडबुडा उरला नाही. दोन दिवसांनी तू आलास आणि म्हणालास की बरं आहे, पण अजून आहे थोडं. मी म्हणालो, नवा बेल्ट आहे, बसू दे. आठवड्यानं परत तेच. सकाळी ओढावं लागतं, डावा हात भरून येतो, मग होतं बरं. तिसऱ्यांदा तू तेच म्हणालास तेव्हा मला राग आला. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला सोसत नाही, हे तुला माहीत होतं, म्हणून तू हसत हसत सांगायचास. ते हसत सांगणंच नडलं. त्यामुळं मला वाटलं की तू खोडी काढतोयस.

शेवटी मी म्हणालो, गाडी रात्रभर बाहेर उभी ठेव आणि मी येईपर्यंत चावी लावायची नाही. थंड गाडीतली खोट थंड गाडीतच सापडते, हे मी किती जणांना शिकवलंय. पावणेसहाला तुझ्या फाटकात आलो. धुकं असं की शेड दिसत नव्हतं. सुरू हंगामाच्या उसाच्या लागणी चालल्या होत्या, बावड्याची खेप होती. वहिनींनी चहा दिला. मी म्हणालो, मी चालवतो. तू म्हणालास, तू ऐक. या गाडीचं स्टेअरिंग तू कुणाच्या हातात द्यायचा नाहीस. माझ्या गॅरेजच्या खड्ड्यावरसुद्धा गाडी तूच चढवायचास. मीही फार ताणलं नाही, कारण कानानं गाडी ओळखणारा मिस्त्री म्हणून माझं नाव आहे. बेल्ट घसरला तर चिरकतो, पंपात हवा राहिली तर तो कण्हतो. मी मफलर सोडून, पुढं वाकून, बॉनेटकडं कान लावून बसलो. काहीही ऐकू आलं नाही. पंप गप होता. तू म्हणत होतास, "बघ, कसं वडावं लागतंय." आणि मी तुझ्याकडं न बघता म्हणत होतो, गप, मला ऐकू दे.

बघितलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. मी सगळं बघितलं. तू उजव्या हातानंच स्टेअरिंग फिरवत होतास. गिअर टाकून झाला की डावा हात मांडीवर ठेवायचास आणि मूठ उघडझाप करायचास. इंदापूरच्या अलीकडं तुझ्या कपाळावर घाम होता. तू खिडकीची काच खाली केलीस. त्या थंडीत वारं थेट माझ्या कानात शिरलं आणि मी ओरडलो, काच वर घे, मारतोस का मला. तू म्हणालास, "आत गुदमरतंय रं." तरी माझ्यासाठी अर्धी काच वर घेतलीस. बावड्याला ट्रे उतरवताना तू बांधावर बसून राहिलास. इतक्या वर्षांत तू रोपं उतरवताना बसलेला मी बघितला नव्हता. आणि परतताना मी म्हणालो, आता तरी दे स्टेअरिंग, तर तू चावी काढून माझ्या तळहातावर ठेवलीस. एका शब्दानं भांडला नाहीस. मला वाटलं, जिंकलो.

येताना गाडी तापलेली होती. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. तापलेल्या गाडीत ते फिरणारच होतं, त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं, पण मी इतका खूश होतो की हे मी सोयीस्करपणे विसरलो. कळसच्या फाट्यावर उतरून मी तुला चावी परत दिली आणि टपरीसमोर, चार माणसांत, तुला एक वाक्य बोललो. ते पुढं लिहितो. आत्ता लिहवत नाही.

त्यानंतर आठ दिवस तू चहाला आला नाहीस. कळसमधून जायचास, हॉर्न द्यायचास, थांबायचा नाहीस. मी म्हणालो, रुसलाय, रुसू दे. नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. मी पोचलो तोवर शेजाऱ्यांनी तुला त्यांच्या गाडीतून इंदापूरला नेलं होतं, आणि मी दवाखान्यात पोचलो तोवर काही उरलं नव्हतं. हार्टच होतं, डॉक्टर म्हणाले. एकाएकी नाही, आधीपासून त्रास असणार. त्यांनी वहिनींना विचारलं, यांचा डावा हात दुखायचा का, घाम यायचा का. वहिनी म्हणाल्या, दुखायचा, पण तो गाडीच्या स्टेअरिंगमुळं दुखायचा. मी त्यांच्या मागं उभा होतो. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. मी भिंतीला टेकलो.

आपल्याकडं दुखणं असंच सांगतात रे. गॅरेजात एक गुरुजी येतात, कंबर धरली की शॉकअब बदला म्हणतात. दुसऱ्या एकाचा गुडघा गेलाय, तो दर सहा महिन्यांनी क्लच सैल करून घेतो. मला दुखतंय असं म्हणायला माणसाला लाज वाटते, गाडीला दुखतंय म्हणायला वाटत नाही. हे मी वीस वर्षं बघतो आहे आणि त्यावर विनोद करतो आहे. तुझ्याबाबतीत ते माझ्या ध्यानात आलं नाही, कारण तुझ्या गाडीत खोट खरोखर सापडली होती. ती नसती सापडली तर कदाचित मी तुझ्याकडं बघितलं असतं.

दहाव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर वहिनींनी मला शेडमध्ये बोलावलं. त्या काय सांगणार म्हणून मी आधीच घाबरलो होतो. म्हणाल्या, "भावजी, ते ऑईल मी वतलं हुतं." टाकीत ऑईल कमी आहे, उद्या घालतो, असं तू आदल्या दिवशी म्हणाला होतास. तू आंघोळीला गेलास, उशीर नको म्हणून त्यांनी ट्रॅक्टरचा कॅन उचलून टाकी भरली. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, मिस्त्रीला कळू देऊ नको, लई टर उडवतो, मी घेतो माझ्यावर. आणि गेलास त्या दिवशी सकाळी तू रोपं भरून स्टेअरिंगवर बसलास, दोन्ही हातांनी ते ओढलंस आणि त्यांना म्हणालास की अजून तसंच टाईट हाय. मग स्टेअरिंगवरच वाकलास. वहिनींना वाटलं, खाली काही पडलंय ते बघतोस. "माझ्या त्या ऑईलनं त्यांच्या जिवावर भार आला," त्या म्हणाल्या. पल्लवीला त्यांनी हे सांगितलेलं नाही. लेक आईला काय म्हणेल, ही त्यांना भीती.

मी म्हणालो, तसं न्हाय वहिनी. एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली. माणसं दहाव्याला असंच बोलतात, हे त्यांना माहीत आहे. ते ऑईल महिन्यापूर्वीच मी काढून टाकलं होतं, हे मी सांगितलं तरी त्या ऐकायच्या नाहीत, कारण तू शेवटच्या घटकेला स्वतःच्या तोंडानं टाईट म्हणाला होतास. त्यांना पटवायचं तर गाडी थंड असताना सुरू करून दाखवायला हवी.

आणि हणमंता, ती कशी फिरेल हे मलाही माहीत नाही. थंड गाडीत मी ते स्टेअरिंग एकदाही हातात धरलं नाही. कान लावून बसलो. उद्या ते टाईट निघालं, तर माझं काम कच्चं होतं, हवा राहिली होती किंवा पंप झिजलेला होता, आणि आजारी माणसाला मी महिनाभर ते ओढायला लावलं. हलकं निघालं, तर तू माझ्या शेजारी दीड तास घामाघूम बसला होतास आणि मी बॉनेट ऐकत होतो. दोन्हीकडून मीच. हलकं निघालं तर वहिनी सुटतील, एवढाच फरक. तो फरक मोठा आहे, कळतं मला. पण त्या सुटतील तेव्हा विचारतील, मग तुमाला कसं दिसलं न्हाय. आणि मला ते वाक्य सांगावं लागेल.

ते वाक्य असं होतं. चावी देताना मी म्हणालो, "हणमंता, स्टेअरिंगला कायबी झालेलं न्हाय. तुझ्या दंडातलं बळ सरलंय. गाडी सोड आता, नातवंडं सांभाळ." टपरीवरचे सगळे हसले. तूही हसलास. मग बरं म्हणून गाडीत बसलास आणि गेलास.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे.

काल पावणेसहाला गेलो. या वेळी पुलावर थांबलो नाही, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. वहिनी अंगण झाडत होत्या. पल्लवी आत झोपलेली. मी म्हणालो, विकायच्या आधी गाडी एकदा चालू करून बघू. त्यांनी चावी आणून दिली. मी म्हणालो, मला नको, तुमी बसा. त्या बघतच राहिल्या. त्या जागेवर त्या कधी बसलेल्या नव्हत्या, आणि आता तर ती जागा. मी म्हणालो, वहिनी, माझ्यासाठी बसा. पदर खोचून त्या चढल्या आणि अगदी कडेला बसल्या. काचेवर दव होतं. मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पंधरा-सोळा दिवसांची थंडी खाल्लेली बॅटरी, मला वाटलं आता सुरूच होत नाही, आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या खेपेला ती लागली.

मी म्हणालो, फिरवा. वहिनींनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, पाटा उचलताना धरतात तसं, आणि जोर लावून ओढलं. ते इतक्या सहज फिरलं की त्यांचा तोल जाऊन खांदा दाराला लागला. त्या थांबल्या. मग हळूच फिरवलं, पार उजवीकडं, पार डावीकडं. खाली मुरुमात चाकं घासल्याचा आवाज आला. मग त्यांनी एक हात काढून घेतला आणि एका हातानं फिरवलं. पाच-सहा वेळा फिरवलं असेल. पंपाचा आवाज नाही, बेल्टचा नाही. माझं काम चांगलं झालं होतं, हणमंता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चांगल्या कामाचं रडू आलं.

"हे कवापासनं असं हाय?" वहिनींनी विचारलं.

दीड महिना झाला, मी म्हणालो, ऑईल बदललं त्या दिवसापासून. तुमच्या ऑईलचा ह्यात थेंब नाही. त्यांनी ते मनाशी लावून बघितलं. मला दिसत होतं, एकेक दिवस लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी दुखत हुतं ते त्यांचंच." मी व्हय म्हणालो. त्यांनी स्टेअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्या रडल्या नाहीत, पण बराच वेळ त्यांना श्वास पुरत नव्हता, आणि मी इतका घाबरलो की त्यांनाच विचारलं, तुमचा हात दुखतोय का वहिनी, घाम आलाय का. आता हे मी सगळ्यांना विचारतो. परवा एका गिऱ्हाइकाला विचारलं तर तो गाडी घेऊनच गेला.

मग मी सांगितलं. मूठ, घाम, काच, बांध, सगळं. त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती, म्हणून दाराच्या कडीकडं बघत सांगितलं. टपरीवरचं वाक्यही सांगितलं, जसं बोललो तसं, काही कमी न करता. आणि म्हणालो, त्यावर तो रुसला, आठ दिवस आला नाही, मीही गेलो नाही. गेलो असतो तर कदाचित दिसलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "रुसलं न्हवतं भावजी."

मी वर बघितलं. त्या म्हणाल्या की तू त्या दिवशी बावड्याहून घरी आलास आणि आल्या आल्या त्यांना ते वाक्य सांगितलंस, माझ्या आवाजाची नक्कल करून. त्या म्हणाल्या, खरंच हाय की, म्हातारं झालासा आता. आणि तुम्ही दोघं जेवताना त्यावर लई हसलात.

मी विचारलं, मग चहाला का येत नव्हता?

"मीबी इचारलं. तर म्हनले, मिस्त्रीनं सोताच्या कानानं तपासलंय, न्हाय म्हनला म्हंजी न्हाय. आता तेच गाऱ्हाणं घिऊन त्याला किती छळायचं."

इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मग त्यांनीच चावी फिरवली आणि उतरून, तुमची चूक न्हाय भावजी, असं म्हणाल्या. मी म्हणालो, तुमचीबी न्हाय. माझं त्यांना पटलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांचं मला पटलं नाही. सकाळीच त्यांनी बावड्याच्या माणसाला फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलं आहे.

आठ दिवस मी समजत होतो की तू रुसला आहेस. तू रुसला असतास तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत माझं एकही म्हणणं तू भांडल्याशिवाय मान्य केलं नाहीस, हणमंता. हे तेवढं एक केलंस.